पेंढा जास्त झालेला वॉलरस आणि आमची माटोळी

आमच्या मये गावात आता दर चार घरांमागे एका घराचं पोर विलायतेत आहे. कुणाचं स्विंडनला, कुणाचं क्रॉयडनला. मे उजाडला की आई-बापांची रवानगी सुरू होते. कुणी नातवंड सांभाळायला जातं, कुणी सुनेच्या बाळंतपणाला. निघण्याआधी आमच्या सोप्यावर एक फेरी ठरलेली. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मला सगळं माहीत असतं असा गावाचा समज. "बाई, तुम्ही जाऊन आलात ना, तिथं बघण्यासारखं काय?" तेच तेच सांगून जीभ दुखायला लागली, म्हणून हे लिहून ठेवते.

माझं उत्तर एकच: हॉर्निमन. दक्षिण लंडनमध्ये फॉरेस्ट हिल नावाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर हे संग्रहालय. पेंढा भरलेले प्राणी, जगभरच्या लोकांच्या वस्तू, वाद्यं, आणि भोवती सोळा एकरांची बाग. प्रवेश फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्याकडे लोकांना संशय येतो, पण खरंच फुकट आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच.

हॉर्निमनच का, ते सांगायचं तर आधी आमची फजिती सांगावी लागेल. २०२३ च्या जुलैत आम्ही दोघं लेकीकडे गेलो. तिला सुट्टी नव्हती, म्हणून ह्यांनी एका सहलवाल्याकडे 'एक दिवसात लंडन' असलं काहीतरी घेतलं. बसनं आम्हाला शहराच्या मध्यावरच्या एका अवाढव्य संग्रहालयासमोर सोडलं आणि सांगितलं, पन्नास मिनिटांत परत या. पन्नास मिनिटं! आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातसुद्धा पन्नास मिनिटांत माणूस फक्त सुक्या मासळीपर्यंत पोचतो. मी त्या इमारतीत एक जिना पाहिला, गर्दीच्या डोक्यांवरून एका दगडी कानाचा तुकडा पाहिला, आणि बायकांच्या रांगेत वीस मिनिटं उभी राहिले. हे तर हरवलेच. बसमध्ये शेवटचे चढले ते आम्ही, आणि सगळी बस आमच्याकडे बघत होती.

त्या रात्री लेक म्हणाली, "आई, तुम्हाला असं नाही नेणार. प्रत्येकानं एकच गोष्ट निवडायची. तेवढी बघायची. बाकी दिसलं तर दिसलं."

जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही निवडलं. नातू सात वर्षांचा, त्यानं वॉलरस घेतला. ह्यांनी घड्याळ घेतलं. ते खाणीवर मेकॅनिक होते, चाकं-दात्र्यांची कुठलीही गोष्ट दिसली की तिचं झाकण उघडावंसं वाटतं. मी वाद्यं. लेकीनं बागेतला बाक. ती म्हणाली, मला कुणी काही विचारणार नाही अशी अर्धा तास बसायची जागा हवी. तिचंही बरोबर होतं.

पूर्वतयारी म्हणायची तर एवढीच. पण मला वाटतं तिथंच सगळा फरक पडला.

क्रॉयडनला उतरलेल्यांसाठी वाट सोपी आहे. वेस्ट क्रॉयडनहून ओव्हरग्राऊंडची गाडी थेट फॉरेस्ट हिलला जाते. लंडन ब्रिजहूनही थेट गाड्या आहेत, पंधरा मिनिटांच्या आसपास. स्टेशनवरून संग्रहालय चालत दहा मिनिटं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती दहा मिनिटं पंचविशीतल्या माणसाची. चढ आहे. आमच्या मयेच्या देवळाची पायरी चढताना ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी वीस धरावीत, नाहीतर स्टेशनसमोरून बस घ्यावी. मी हट्टानं चालले आणि वर पोचल्यावर आधी बाक शोधला.

तो बाक बरा निघाला, कारण समोरून इमारत नीट बघता आली. १९०१ साली उघडलेली, चार्ल्स हॅरिसन टाउनसेंड नावाच्या वास्तुरचनाकाराची. कोपरे गोलाई दिलेले, एक भक्कम घड्याळाचा मनोरा, आणि दर्शनी भिंतीवर रंगीत तुकड्यांचं मोठं चित्र. इगर्जीसारखी नाही, राजवाड्यासारखी नाही. ह्यांचं मत पडलं की मनोऱ्याचा दगड चांगला आहे. खाणीतल्या माणसाकडून एवढी स्तुती म्हणजे पुष्कळ झाली.

हे सगळं उभं राहिलं चहावर. जॉन हॉर्निमन नावाच्या माणसानं १८२६ साली बंद पाकिटातून चहा विकायला सुरुवात केली. तेव्हा सुट्ट्या चहात भलताच पाला आणि रंग मिसळलेला असे, त्यामुळे मोहोरबंद पाकिटाला लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याचा मुलगा फ्रेडरिक. ह्याला वस्तू जमवायचं वेड. प्राणी, कीटक, मूर्ती, वाद्यं, मुखवटे, जे मिळेल ते. घर इतकं भरलं की बायका-पोरांना घेऊन दुसऱ्या घरी राहायला गेला आणि १८९० मध्ये पहिलं घर लोकांना बघायला उघडलं. तेही पुरेना, तेव्हा ते पाडून ही इमारत बांधली आणि बागेसकट लंडनच्या लोकांना देऊन टाकली. आज संग्रहात साडेतीन लाखांच्या घरात वस्तू आहेत. हे ऐकून मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या माळ्यावर जुन्या पंपांचे सुटे भाग आहेत, आणि ते गावाला देऊन टाकण्याचा विषय निघाला की ह्यांना ऐकू येत नाही.

आता वॉलरस.

निसर्गाच्या दालनात मधोमध, खोट्या हिमखडकावर, तो बसलेला. मोठा आहे हे ठाऊक होतं. पण तो फुगलेला आहे. हवा भरलेल्या ट्यूबसारखा, कुठे सुरकुती म्हणून नाही. खऱ्या वॉलरसच्या कातडीला घड्यांवर घड्या असतात, म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारख्या. ह्याचं कातडं कॅनडातल्या हडसन उपसागराकडून आलं. ज्यांनी आत पेंढा भरला त्यांनी जिवंत वॉलरस कधी पाहिला नव्हता. घड्या कशाला असतात ते त्यांना काय ठाऊक? कातडं ढिलं दिसतंय म्हणून भरत गेले, भरत गेले, सगळ्या घड्या भरून निघेपर्यंत. १८८६ साली लंडनच्या एका मोठ्या वसाहती प्रदर्शनात लोकांनी तो असाच पाहिला, मग हॉर्निमननं घेतला, आणि तेव्हापासून तो असाच.

मला नरकासुर आठवला. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरची पोरं पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यात सुकं गवत आणि कागद कोंबत असतात. कुणीतरी ओरडतं, अरे पोट पुरे आता, हात राहिलेत! पण पोटच वाढत जातं. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो कठड्याला लटकून म्हणाला, "मग ह्याला जाळत का नाहीत?" पलीकडच्या एका आज्जींनी वळून बघितलं. सुदैवानं त्यांना मराठी येत नव्हतं.

मला हे फार आवडलं की चूक लपवलेली नाही. कुणी मधे येऊन पेंढा काढून त्याला नीट केलं नाही. लोक उलट त्याच्यासाठीच येतात. शाळेत मी पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल पेनानं खोडून घेतल्या, आयुष्यभर. इथं एक चूक सव्वाशे वर्षांहून जास्त काळ मधोमध बसली आहे आणि पोरं तिच्याकडून वॉलरस शिकतात. शिकतातही बरोबर, कारण त्याला बघितल्यावर खरा कसा असतो ते माणूस शोधतोच. आम्ही त्या रात्री फोनवर खऱ्या वॉलरसचे व्हिडिओ लावून बसलो होतो.

घड्याळ त्याच दालनात. जर्मन बनावटीचं, बारा प्रेषितांचं. दुपारी चार वाजता प्रेषितांच्या लाकडी बाहुल्या एकामागून एक बाहेर येतात आणि ख्रिस्तासमोरून जातात. ख्रिस्ताला दगा देणारा यहुदा तेवढा तोंड फिरवतो. ह्यांना त्याच्यामागची यंत्रणा बघायची होती, मागची बाजू दिसत नाही म्हणून खट्टू झाले, पण चारला पाच कमी असल्यापासून हात मागे बांधून तिथं उभे. बारा मोजले. नंतर दोन दिवस घरी, यहुदाची मान फिरवायला किती दाते लागतील ह्याचं चित्र वर्तमानपत्राच्या कडेला काढत होते. चार वाजताचा हा कार्यक्रम धरूनच दिवस आखावा असं मी म्हणेन.

इथं मधेच कामाची सूचना. हे निसर्गदालन मार्च २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं. आम्ही आधी गेलो म्हणून आम्हाला मिळालं. तुमच्या नातवाला वॉलरसचं वचन द्यायच्या आधी संग्रहालयाच्या वेबसाइटवर दालन उघडलंय की नाही ते बघून घ्या. सात वर्षांच्या पोराला बंद दारासमोर समजावणं कुणाच्याही सुट्टीत नको.

वाद्यांच्या दालनाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, पण खरं सांगायचं तर तिथं मी नुसती शोधत होते. हजाराहून जास्त वाद्यं मांडली आहेत. भिंतभर काच आणि काचेमागे शिंगं, पिपाण्या, ढोल, तंतुवाद्यं. मधे टेबलं आहेत, त्यांच्यावर हात लावला की त्या वाद्याचा आवाज ऐकू येतो. मी घुमट शोधत होते. आमचं घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन तोंडांचं, एकावर कातडं. चवथीला आरतीत समेळ, कासाळं आणि घुमट नसेल तर गणपतीही कंटाळेल. २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिल्यावर बकऱ्याचं लावू लागले. जुने वाजवणारे अजून सांगतात, तो नाद नाही. असेल. पण घोरपड माझ्या परसात फिरते आणि कोंबडीची अंडी खाते, तीही राहू दे.

घुमट मला दिसलं नाही. इतक्या वाद्यांत माझ्या नजरेतूनही सुटलं असेल. पण शोधता शोधता मी आफ्रिकेतले, आशियातले मातीचे ढोल इतक्या बारकाईनं बघितले की लेक म्हणाली, "आई, तुला बाहेर काढायला आता आरती म्हणावी लागणार." एकच गोष्ट ठरवून जाण्याचा फायदा हाच. ती सापडली नाही तरी तिच्या शेजारच्या पन्नास नीट बघितल्या जातात.

मग जगभरच्या संस्कृतींचं दालन. हे २०१८ मध्ये नव्यानं मांडलं, तीन हजारांहून जास्त वस्तू. ह्याच्यासाठी आमच्यापैकी कुणीच काही निवडलं नव्हतं, आणि मी तिथंच सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. कारण बेनिन.

बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य. तिथल्या राजवाड्याच्या खांबांवर पितळी फलक बसवलेले असत, राजाच्या, सरदारांच्या, शिकारीच्या आकृती असलेले. १८९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौज आत घुसली, शहर लुटलं, आणि ते फलक जगभरच्या संग्रहालयांत पोचले. काही हॉर्निमनकडेही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ह्या संग्रहालयानं अशा ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली. बारा पितळी फलक, एक पितळी कोंबडा, राजवाड्याची एक किल्ली. सहा वस्तू लगेच सुपूर्द केल्या, बाकीच्या काही काळ उसन्या म्हणून ठेवून घ्यायचं ठरलं. आधी आपलं म्हणून ठेवलेलं, आता त्यांचं म्हणून मागून ठेवलेलं. त्याच २०२२ सालात त्यांना तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा मोठा पुरस्कारही मिळाला होता.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीनं अडकले. बेनिनच्या फलकांत काहींवर दाढीवाले, लांब केसांचे, हेल्मेट घातलेले परके शिपाई दाखवलेले आहेत. पाखले, म्हणजे पोर्तुगीज! आमचेच. पंधराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज तिथं पोचले, आणि त्यांनी व्यापारात पितळी कडी दिली. तीच कडी वितळवून कारागिरांनी फलक ओतले. म्हणजे पाखल्यांच्याच पितळेत पाखल्यांची नाकं. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, एकजात छाती काढून उभे. ती त्यांनी स्वतः काढून घेतलेली. बेनिनच्या माणसानं त्यांना ओतलं ते त्याला दिसले तसे. शाळेत पोरांना नेताना मला हा फरक ठाऊक असता तर काय मजा आली असती.

ह्या संग्रहात आणखी एक चीज आहे, मला त्या दिवशी दिसली नाही पण नंतर तिच्याबद्दल वाचलं: स्पेनच्या इन्क्विझिशनमधली, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीतली, म्हणून विकत घेतलेली छळाची खुर्ची. तपासल्यावर कळलं की ती जुन्या लोखंडी तुकड्यांतून बऱ्याच नंतर जुळवलेली आहे. छळ खरा, खुर्ची खोटी. आमच्याकडे गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, आणि जुन्या गोव्यातल्या, हात कापायची शिक्षा देत म्हणतात त्या हातकातरो खांबापाशी अजून माणूस आवाज खाली करून बोलतो. तो खांब मुळात कुठल्यातरी देवळाचा असावा असं म्हणतात. आमच्याकडेही खुणा अशाच, इकडच्या तिकडे झालेल्या.

नातवाला ह्यात रस नव्हता. तो मत्स्यमानवापाशी चिकटला होता. वर माकड, खाली मासा असं दिसणारी एक वाळकी भयंकर बाहुली, जपानी बनावटीची समजतात. वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की माकड आणि मासा शिवून केलंय. यंत्रात घालून आतलं चित्र काढलं तर माकड नाहीच! मासा, लाकूड, तार, कागद आणि चिकणमाती. "म्हणजे ते फसवण्यातही फसवत होते," नातू म्हणाला. मला एवढं सुटसुटीत सांगता आलं नसतं.

फुलपाखरांचं घर बागेत आहे, त्याला वेगळं तिकीट. आत उष्ण प्रदेशातलं हवामान तयार केलेलं. दार उघडलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. घाम, ओली माती, केळीची पानं. ह्यांनी स्वेटर काढून मला दिला आणि म्हणाले, "मयेच की हे!" पैसे मोजून गोव्याचा दमटपणा विकत घेणारे आम्हीच पहिले असू. फुलपाखरं सुंदर होती, नातवाच्या डोक्यावर एक बसलंही. पण गोव्याहून जाणाऱ्यांनी ते तिकीट वाचवलं तरी चालेल. परतल्यावर प्रियोळजवळ पिसगाळच्या फुलपाखरांच्या उद्यानात जा, तिथं ती उघड्यावर असतात. लंडनच्या नातवंडांचं मात्र वेगळं, त्यांना न्याच.

जेवण आम्ही बरोबर नेलं होतं: चपात्या, बटाट्याची भाजी, लोणचं, आणि डब्याच्या तळाशी चवथीच्या नेवऱ्यांसारख्या दिसणाऱ्या पण लेकीनं यूट्यूब बघून केलेल्या करंज्या. बागेत बसून खाल्लं. तिथून खाली सगळं लंडन दिसतं, उंच इमारती धुरकट. लेकीला तिचा अर्धा तास मिळाला. आम्ही तिघं पद्धतशीर लांब बसलो, वाद्यवृंदासाठी बांधलेल्या जुन्या मंडपापाशी. बागेतच मोठ्या लाकडी वाद्यांची एक जागा आहे, पोरं ती बडवतात. ह्यांनी घुमटाचा ठेका धरायचा प्रयत्न केला. एका गोऱ्या बाळानं दाद दिली.

चहा मात्र परतीच्या वाटेवर एका लहानशा दुकानात घेतला. चहाच्या पैशावर उभं राहिलेलं एवढं मोठं संग्रहालय बघून खाली यावं आणि कागदी पेल्यात दोरा लोंबणारी पुडी मिळावी, ह्याला काय म्हणणार. दूध वेगळं, साखर वेगळी, सगळं आपापलं. मी तो प्याले, पण सरबत म्हणून.

तारे द्यायचेच तर पाचांतले साडेचार. अर्धा माझ्या गुडघ्यांनी कापला, त्यात टेकडीचा दोष नाही.

माटोळीचं राहिलं. परत आल्यावर दोन महिन्यांत चवथ. माटोळी बांधताना दरवर्षीप्रमाणे रानातून फळं, फुलं, शेंगा आल्या: कांगलां, कवंडळ, हरणं, शेरवड, कुड्याच्या शेंगा, बागेतली तोरिंगं, सुपारीचं शिपटं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला टांगलेलं सगळं रान. मला पहिल्यांदाच वाटलं, अरे, हे तर दालन आहे. फक्त आमचं वर्षातून दीड दिवस, पाच दिवस उघडतं आणि मग उतरवून वाटून टाकतात. पाटी मात्र नसते. ज्याला नाव येतं तो पुढच्याला सांगतो, आणि आमच्या घरात नावं येणारी आता मी एकटी. म्हणून पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापून, बालबोध अक्षरात नाव लिहून, दोऱ्यानं प्रत्येकाला बांधले. ह्यांनी स्टुलावर चढून बांधले, मी खालून सांगितलं. भटजी वर बघत राहिले, पण काही बोलले नाहीत. नातवाला व्हिडिओ कॉलवर एकेक दाखवलं. त्यानं कवंडळ वाचलं 'कवंडाल' असं, आणि विचारलं की ह्यात पेंढा भरलाय का.

पलीकडच्या घरची वैनी पुढच्या महिन्यात स्विंडनला निघते. तिथून फॉरेस्ट हिल लांब पडतं, पण मुलाला एक शनिवार मोकळा ठेवायला सांगितलाय. तिनं आपली एक वस्तू निवडून ठेवली आहे, पितळी कोंबडा, तो तिथं असेल-नसेल हे सांगूनसुद्धा. माझी घडीची छत्री तिला दिलीय. परत आणून द्यायची, असं दोनदा बजावलंय.